थंड झालेले पेले आणि कलम नऊ

इर्बिद, मंगळवार
जावक क्रमांक ११७

आदरणीय अबू सक्रमामा,

तुमच्यावर शांती असो. मामींवर, सक्रवर, त्याच्या पाचही पोरांवर असो, आणि तुमच्या उजव्या गुडघ्यावर विशेष असो. गुडघा कसा आहे? (मी मूत्रपिंडाचा डॉक्टर आहे, गुडघ्याचा नव्हे, हे मी तीस वर्षं सांगतोय. तरी तुम्ही गुडघ्याचेच फोटो पाठवता. ते मिळाले. सूज उतरलेली दिसते, किंवा मग तो डावा असावा.) मामींनी मेंढीचं दही वाळवून पाठवलेले जमीदचे आठ गोळे करकच्या बसच्या ड्रायव्हरने सुखरूप पोचवले. त्याने दगड समजून एक चाकाखाली लावला होता, पण परत दिला. तुमच्या भाचेसुनेने, इन्साफने, तोच फोडायला घेतला तर अर्धाच फुटला आणि खलबत्त्याचा दांडा मोडला, म्हणजे माल अस्सल आहे. मात्र त्याच्या रश्शात मटणाचं मन्सफ अजून शिजलेलं नाही. कारण उरलेले साडेसात गोळे आमच्या मंडळाच्या भेटवस्तू नोंदवहीत चढलेत, आणि तुमचं कुठल्याही औषध कंपनीशी नातं नाही असं तुमच्याकडून लेखी आल्याशिवाय ते भिजत घालता येत नाहीत. फॉर्म सोबत जोडलाय. तिसऱ्या, व्यवसायाच्या रकान्यात 'मेंढ्या' एवढंच लिहा, त्यांची नावं लिहू नका.

तुम्ही म्हणाल, हायल, फोन काय मेला का तुझा? फोन जिवंत आहे मामा, पण शुक्रीने मनाई केली आहे. शुक्री म्हणजे आमच्या उत्तर विभाग मूत्रपिंडतज्ज्ञ मंडळाचा कारकून. मंडळात अकरा डॉक्टर आणि हा एक शुक्री, पण तराजूत घातलं तर पारडं त्याचंच खाली जाईल. एकतीस वर्षं त्याने जमिनीच्या दप्तरात काढली. निवृत्त झाला तेव्हा आम्हाला वाटलं, गरीब माणूस आहे, चहाला आणि टपालाला बरा. गेल्या वर्षी मी मंडळाची आचारसंहिता लिहिली आणि टाईप करायला त्याच्याकडे दिली, ही माझी पहिली चूक. कारण त्याने ती वाचली. आमच्यापैकी कुणीही वाचली नव्हती. (मी लिहिली होती. लिहिणं आणि वाचणं ही दोन वेगळी कामं आहेत.) तर शुक्रीचा निर्णय असा, की ज्या घरात कंपनीचा प्रस्ताव पडून आहे त्या घरातल्या पदाधिकाऱ्याने नातेवाइकांशी फोनवर बोलणं हा 'नोंद नसलेला संपर्क' होय. म्हणून हे पत्र. प्रत फाइलला.

आचारसंहिता का लिहिली, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, तुम्हाला सांगतो. आमची वार्षिक परिषद मृत समुद्राकाठच्या हॉटेलात भरायची. खोली कंपनीची, जेवण कंपनीचं, व्यासपीठावरचा फलक कंपनीचा, आणि खरं सांगायचं तर भाषणही कंपनीचंच, आमचं फक्त तोंड. त्या तोंडाने आम्ही एका वर्षी एकमुखाने शिफारस केली, की डायलिसिसच्या रुग्णांना रक्तवाढीसाठी अमुक एक इंजेक्शनच द्यावं. खाली सही माझी. सही करताना माझ्या दोन्ही पायांना समुद्राचा काळा चिखल फासलेला होता (तोही फुकट). दोन महिन्यांनी हाज्जा फिद्दा आली. आठवड्यातून तीनदा आमच्या यंत्राला लागते ती विधवा, तुम्ही तिला एकदा पाहिलंय, तिने तुम्हाला 'लंगडा मेंढा' म्हटलं होतं. तिच्या हातात चांदीच्या चार बांगड्या असायच्या, त्या नव्हत्या. मी विचारलं, "हाज्जा, हात उघडे का?" तर म्हणाली, "तुमचं नवं इंजेक्शन बाहेरून आणावं लागतं ना, डॉक्टर. आता चांदी अंगात घातली, मग हातात कशाला?" जुनं इंजेक्शन पाव किमतीत मिळत होतं, आणि तिला त्याचाही गुण येत होता. हे मला ठाऊक होतं, मामा. सही करतानाही ठाऊक होतं. मला लाज वाटली, अजून वाटते. त्याच आठवड्यात मी चौदा कलमं लिहून काढली.

तेव्हापासून परिषद डायलिसिस विभागाच्या बाहेरच्या बाकांवर भरते. फलाफल ज्याने त्याने आपापलं आणायचं. पूर्वी तीनशे डॉक्टर यायचे, यंदा नऊ आले, त्यातले दोन कान तपासायला निघाले होते आणि दार चुकले. रुग्णांकडून येणारी अंडी, झातरचा मसाला, तेल, सगळं नोंदवहीत चढतं. अनुक्रमांक चाळीसवर एक कोंबडा आहे. शुक्रीने त्याच्या पायाला क्रमांकाची चिठ्ठी बांधली आणि कोंबडा चिठ्ठीसकट पळाला. त्याच्यापुढे 'चौकशी चालू' असा शेरा आहे. ती चौकशी खरोखर चालू आहे, परवा माझी साक्ष झाली.

आता मुख्य गोष्ट. (तुमच्यापर्यंत निम्मी पोचली असेलच, आणि पोचता पोचता तिची दीडपट झाली असेल.) आपल्या रहफला मागणी आली. मुलगा बिशर. सिगारेट नाही, मोठ्याने हसणं नाही, आईला उलट बोलत नाही. त्याच्यात दोष एकच, त्याचा बाप. आणि बापातही तसा दोष नाही, बापाची औषध कंपनी आहे. (नाव लिहीत नाही. कलम बारा: मंडळाच्या पत्रव्यवहारात कुठल्याही कंपनीचं नाव घेऊ नये. अबू बिशर कोण हे सगळ्या इर्बिदला माहीत आहे, फक्त फाइलला माहीत नाही.) हाज्जा फिद्दाचं ते इंजेक्शनही त्यांचंच. बिशर कंपनीचं शीतगृह सांभाळतो. नगरपालिकेतर्फे आपली इंजिनियर रहफ त्या शीतगृहाची भिंत तपासायला गेली, तिने भिंत नापास केली आणि मुलगा पास केला. बाप म्हणून मला याचा अभिमान वाटावा की कसं, याबद्दल संहितेत काही नाही.

रीत तर तुम्हाला माहीतच आहे. बायकांचं सगळं दोन महिने आधी ठरलेलं असतं, कपडे, दागिने, हॉल, कोण कुणाशेजारी बसणार नाही इथपर्यंत. मग पुरुषांनी कोट चढवून, जणू हे आत्ता वाटेत सुचलं अशा चेहऱ्याने मागणी घालायला यायचं, आणि आपण जणू पहिल्यांदाच ऐकतोय अशा चेहऱ्याने हो म्हणायचं. तशी तीन आठवड्यांपूर्वी गुरुवारी मागणीची जाहा आली. चाळीस माणसं, पुढारी हाज दैफल्लाह, निवृत्त न्यायाधीश. आपल्या बाजूने उत्तर तुम्ही द्यायचं होतं. पण ऐन वेळी तुमच्या गुडघ्याने दगा दिला आणि उत्तर माझ्या गळ्यात पडलं. तेव्हा पुढे जे झालं ते एका अर्थी तुमच्या गुडघ्यामुळे झालं. (दोष देत नाही, नोंद करतोय.)

कडू कॉफीचा पेला हाज दैफल्लाहांच्या हातात दिला. त्यांनी तो न पिता समोर ठेवला आणि मला म्हणाले, "अबू घैथ, तुमची रहफ आमच्या बिशरसाठी मागायला आलोय. हो म्हणालात तर तुमची कॉफी पितो. नाहीतर हा पेला इथेच राहील." मला फक्त चार शब्द बोलायचे होते: कॉफी प्या, मुलगी तुमचीच. इन्साफने सकाळपासून ते माझ्याकडून अकरा वेळा म्हणून घेतले होते. पण मी वर पाहिलं तर समोर अबू बिशर, त्यांच्या कोटाच्या खिशाला कंपनीचं बॉलपेन, आणि मला एकदम ते उघडे हात दिसायला लागले. तोंडातून निघालं, "कलम सहा. कंपनीकडून आलेला कोणताही प्रस्ताव लेखी स्वरूपात कमिटीपुढे ठेवल्याशिवाय पदाधिकाऱ्याला स्वीकारता येणार नाही."

हाज दैफल्लाहांनी कानाला हात लावून विचारलं, "अरे बाबा, ही मुलगी आहे की टेंडर?" मी उत्तर देणार तोच कोपऱ्यातून शुक्री उठला. (त्याला मी आपल्या बाजूची माणसं भरायला बोलावलं होतं, तो नोंदवही घेऊन आला होता.) म्हणाला, "वस्तुरूप देणगी या सदरात घेतो, साहेब. वस्तू एक. मुलगा." मग जाहा उठली. पेला तसाच राहिला. आपल्या कुळाच्या दारातून जाहा रिकामी परत गेल्याचं याआधीचं उदाहरण माझ्या आजोबांच्या वेळचं आहे, आणि तेव्हा निदान उंट चोरीला गेल्याचं कारण तरी होतं. शुक्रीने पेल्याला 'प्रस्ताव क्र. १' अशी चिठ्ठी डकवली. इन्साफ त्या दिवसापासून माझ्याशी बोलताना मला 'पदाधिकारी' म्हणते.

कमिटी बसली. साडेचार तास. वराने वधूला द्यायची मेहर ही कंपनीने पदाधिकाऱ्याच्या कुटुंबाला दिलेलं मानधन ठरते का, यावर दोन तास गेले. कलम तीनप्रमाणे कंपनीचं जेवण घेता येत नाही, तेव्हा लग्नात वधूपित्याने घरून डबा आणावा, असं एकमताने ठरलं. निमंत्रणपत्रिकेवर प्रकटन छापावं असंही ठरलं, मसुदा मीच केला: 'वधूपित्याने गेल्या तीन वर्षांत वरपित्याकडून स्वीकारलेल्या गोष्टी: बॉलपेन दोन, टेबल कॅलेंडर एक, काळा चिखल अंदाजे दोन किलो.' कलम पाचप्रमाणे कंपनीशी कोणताही संबंध कायमस्वरूपी नसावा, दर दोन वर्षांनी त्याचा फेरविचार व्हावा. हे ऐकून आमच्यातले एक डॉक्टर, ज्यांच्या लग्नाला चौतीस वर्षं झाली आहेत, म्हणाले की हे कलम फार दूरदृष्टीचं आहे. आणि शेवटी आलं कलम सात: मंडळाने एकाच कंपनीवर अवलंबून राहू नये, किमान तीन कंपन्यांना समान संधी द्यावी. मी हसलो. शुक्री हसला नाही. त्याच दुपारी त्याने आणखी दोन कंपन्यांना पत्रं टाकली.

एक कंपनी परदेशी. तिचं उत्तर दोन दिवसांत आलं: सध्या त्यांच्याकडे योग्य उमेदवार उपलब्ध नाही याबद्दल खेद आहे, परंतु पुढील काळात विवाह झाल्यास दोन वर्षं तांत्रिक साहाय्य देता येईल. दुसरी कंपनी डायलिसिसच्या खुर्च्या बनवते. मालकाला अविवाहित मुलगा नाही. पण पत्रावर मंडळाचा शिक्का पाहून त्याला वाटलं, नाही म्हटलं तर खुर्च्या कुणी घेणार नाही. तेव्हा तो सत्तर माणसं घेऊन आला आणि त्याने आपला मेहुणा पुढे केला. वय अठ्ठावन्न, दोनदा विधुर, आणि येताना जिन्यातच दोनदा बसला. त्यांच्या पुढाऱ्यानेही पेला समोर ठेवला. आतून इन्साफचा आवाज आला, "पदाधिकारीसाहेब, या पेल्यावर झाकण ठेवू, की आणखी कुणी यायचंय?" मेहुणा मात्र सज्जन निघाला. जाता जाता माझ्या कानाशी लागून म्हणाला, "डॉक्टर, नाहीच म्हणा हं. मला रात्री लघवीला चारदा उठावं लागतं." मी त्याला सोमवारची वेळ दिली.

बैठकीच्या खोलीत दोन थंड पेले, दोन चिठ्ठ्या, आणि रहफ रोज त्यांच्याकडे बघत कामाला जायची. चौथ्या दिवशी सकाळी तिने माझ्यासमोर तिसरा पेला ठेवला. म्हणाली, "बाबा, चूक तुमची होती. संहिता तुमची आहे. मग दंड माझ्याकडून का वसूल करताय?" मी म्हणालो, लोक म्हणतील, हायलची तत्त्वं जावई मिळेपर्यंतच टिकली. तर म्हणाली, "लोकांचं सोडा. जिच्या बांगड्या गेल्या तिला विचारलंत?" (म्हणजे तिला ते माहीत होतं. इन्साफलाही माहीत असणार. घरात मी एकटाच गुपित सांभाळत बसलो होतो.) मी विचारलं. हाज्जा यंत्रावर होती, हात बांधलेला, तोंड मोकळं. म्हणाली, "अरे वेड्या, माझ्या गेल्या म्हणून पोरीच्याही हातात घालू देणार नाहीस? तुला सही करू नको म्हणायला हवं होतं, मुलीचं लग्न करू नको असं कोण म्हणालं? मला जेवायला बोलाव. मन्सफ चालत नाही मला, पण वास घेईन."

आणि मग रहफने संहिता वाचायला घेतली. शुक्रीनंतर ती वाचणारी दुसरी व्यक्ती. कलम नऊवर बोट ठेवून तिने ते मलाच मोठ्याने वाचायला लावलं: 'ज्या सदस्याचे हितसंबंध गुंतलेले असतील त्याने ते जाहीर करावेत, आणि त्या विषयाचा निर्णय होईपर्यंत खोलीबाहेर बसावे.' मग विचारलं, "बाबा, माझ्या लग्नात सगळ्यात जास्त कोण गुंतलंय?" मी कलम तीनदा वाचलं. मामा, ते मीच लिहिलंय, आणि चांगलं लिहिलंय.

तेव्हा मी नोंदवहीत जाहीर केलं: 'हायल, मूत्रपिंडतज्ज्ञ. हितसंबंध: मुलगी एक, वय सव्वीस.' औषधनिवडीच्या कामातून मी कायमचा उठलो. ते आता डॉ. वदाद पाहतील, त्यांना मुलगा नाही, मुलगी नाही आणि दयामायाही नाही. जुनी शिफारस त्यांनी पहिल्याच दिवशी मागे घेतली, आणि खाली माझी सही होती हेही लिहायला लावलं. परिषद बाकांवरच भरणार, कंपनीची दारं बंद ती बंदच. हे अबू बिशरांना लेखी कळवलं तर त्यांचं उत्तर आलं, की अल्लाह तुमचं भलं करो, दरवर्षी तीनशे डॉक्टरांना चिखल फासून माझं कंबरडं मोडलं होतं.

एकंदरीत इकडची परिस्थिती समाधानकारक आहे. विषय योग्य मार्गाने हाताळला जात आहे. तुम्ही काळजी करू नये, आणि गुडघ्याला त्रास देऊन इथवर येण्याची तसदी मुळीच घेऊ नये. मामींना, सक्रला, पोरांना सलाम.

तुमचा भाचा,
हायल

ता. क. प्रत फाइलला गेली, शुक्री घरी गेला. मामा, या. अपमान होऊन गेलेली जाहा आपण होऊन परत येत नाही, आणि मुलीचा बाप मुलाकडे मागायला जात नाही. मधे रस्ता एकच, तुम्ही. करकहून तुमची माणसं घेऊन माझ्याच दारी जाहा आणा. तुमची कंपनी नाही, तुमच्या फक्त मेंढ्या आहेत, तुम्हाला कुठलंच कलम लागत नाही. अबू बिशर मागच्या रांगेत तुमचे पाहुणे म्हणून बसतील (बॉलपेन काढून ठेवायला सांगा). पेला तुम्हीच समोर ठेवा, मागणी तुम्हीच घाला, आणि उत्तरही तुम्हीच द्या, कारण ते तुमचंच काम होतं. मी कलम नऊप्रमाणे स्वयंपाकघरात बसेन. ते चार शब्द माझ्याकडून होणार नाहीत. कलम सहामुळे नव्हे. कलम सहा नसतं तरी जमले असते की नाही, ठाऊक नाही. अकरा वेळा म्हणून घेतले तेव्हा अकराही वेळा 'मुलगी' या शब्दापाशी माझा आवाज बसला होता, इन्साफला विचारा.

ता. क. २. गुडघ्यासाठी जमिनीवरच्या गादीऐवजी खुर्ची ठेवतो. डायलिसिसची नाही, घाबरू नका. आणि तो फॉर्म भरून आणाच, नाहीतर तुमच्याच जाहाला तुमच्याच जमीदचं मन्सफ वाढता येणार नाही.

ता. क. ३. मामाआजोबा, मी रहफ. पत्र बसवर द्यायला बाबांनी माझ्याकडे दिलंय. आई आणि मामीआजींचं दोन आठवड्यांपूर्वी फोनवर ठरलंय त्यात काही बदल नाही: येत्या गुरुवारी, दुपारी असरच्या नमाजानंतर, चाळीस माणसं, हाज दैफल्लाह तुमच्या उजव्या हाताला. ते फोन शुक्रीकाकांनी 'घरगुती आवाज' या सदरात घातलेत, आणि कॉफी तेच ओतणार आहेत. जमीद कालच भिजत घातलं. हे पत्र वाचून, मन हेलावून, ताबडतोब निघालात असा चेहरा ठेवा. बाबा सकाळपासून स्वयंपाकघरात बसायचा सराव करतायत. कॉफीसाठी वेलदोडे कुटतात आणि बाहीने डोळे पुसतात. वेलदोडे कुटून डोळ्यांत पाणी येत नाही हे त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.